चश्मेवाल्याचा बेस आणि तीन डब्या

चश्मेवाल्याच्या थोरल्या मुलीला जुळ्या मुली झाल्या आणि दोन्हीकडच्या आज्या एकेक बाळ वाटून घेऊन खोलीच्या दोन कोपऱ्यांत बसल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. त्याच आठवड्यात चश्मेवाल्याच्या मेहुण्याने त्याला बँडमधून काढायची भाषा केली.

बँड चौघांचा. दुसऱ्यांची गाजलेली जुनी गाणी जशीच्या तशी वाजवायची, हे त्यांचं काम. लग्नं, निरोप समारंभ, दुकानांची उद्घाटनं, जे मिळेल ते. मेहुणा गायचा. पोटापाण्यासाठी तो विमा विकायचा आणि गायचाही तसाच, समोरचा हो म्हणेपर्यंत सोडायचा नाही. ड्रम बडवायला जनावरांचा डॉक्टर होता. गिटारवर लिफ्ट दुरुस्त करणारा, त्याला सगळे लिफ्टवालाच म्हणत. आणि चश्मेवाला अकरा वर्षं बेस वाजवत होता. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. तिचा आवाज गाण्याच्या तळाशी असतो.

"भाऊजी, राग मानू नका," मेहुणा म्हणाला, "पण तुम्ही वाजवता की नाही हे कुणाला कळतच नाही. मागच्या लग्नात तुम्ही दोन गाणी लघवीला गेला होतात. कुणी विचारलं?"

"तू विचारलंस?"

"मला तर आत्ता डॉक्टरने सांगितलं."

डॉक्टर खाली बघत काडीने नखं कोरू लागला.

"की-बोर्ड शिकवणारी एक बाई आहे," मेहुणा पुढे म्हणाला. "डाव्या हाताने तुमचं काम करते, उजव्या हाताने सगळ्यांचं."

"आणि पाय?" डॉक्टरने विचारलं.

"पाय मोकळे आहेत."

चश्मेवाल्याचा चेहरा पडला. दिवसभर तो लोकांच्या डोळ्यांत बघायचा, पण लोक बघायचे ते भिंतीवरच्या अक्षरांकडे. चार माणसांत उभं राहायची त्याची ही एकच जागा होती, तीही आता शिकवणीच्या बाईच्या डाव्या हातात चालली होती.

लिफ्टवाल्याला त्याची दया आली. "पायाने दाबायच्या डब्या मिळतात, भाऊजी. पेडल. माझ्याकडे गिटारच्या सात आहेत, बेसच्या दुकानात मिळतील. त्यांनी आवाज उठतो."

"तीनच घ्या," मेहुणा म्हणाला. "माझ्या गाडीत पुढे पायाशी तेवढीच जागा आहे. पुढच्या रविवारी पाणीपुरवठ्याच्या साहेबांचा निरोप समारंभ आहे. त्यात लोकांना तुमचा बेस कळला तर राहा, नाही कळला तर बाईंना सांगतो."

वाद्यांच्या दुकानातल्या बाईंनी चार डब्या आठ दिवस वापरून बघायला दिल्या. एकेक हातात घेऊन त्या समजावत होत्या.

"ही आवाज दाबते. मोठा असेल तो लहान करते, लहान असेल तो मोठा."

"मग हाती काय लागतं?"

"सगळं सारखं. ही आवाज फाडते."

"चांगला आवाज फाडायचा कशाला?"

"मागणी आहे. आणि ही त्याच सुरातला खालचा आवाज काढते. म्हणजे तुम्ही बोललात तर तुमचे आजोबा बोलल्यासारखं वाटेल. आणि ही चौथी सूर जुळवायला. बाकी काही नसलं तरी ही हवीच. पाय दिला की दिवे लागतात, तार उतरली असेल तर लाल, बरोबर असेल तर हिरवा."

एवढ्यात बाईंचा फोन वाजला आणि पुढचं सांगायचं राहून गेलं.

आता चारांतून तीन निवडायच्या कशा? चश्मेवाल्याला निवडायची एकच रीत ठाऊक होती. त्याने बेस आणि डब्या दुकानात आणल्या, डोळे तपासायच्या खुर्चीजवळ मांडल्या आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून, हनुवटी पट्टीवर टेकवून, सवयीने एका डोळ्यावर झाकणीही लावून विचारायला सुरुवात केली.

"आता ऐका. पहिलं बरं, की दुसरं?"

"दुसरं," निवृत्त पोस्टमन म्हणाला.

"आणि आता?"

"परत दुसरं."

"पण मी काही बदललंच नव्हतं."

"मग आधीचं दुसरं."

एका बाईने अक्षरं कुठे आहेत म्हणून विचारलं. एक गृहस्थ दोन डब्या ऐकून उठले, आता पुष्कळ स्पष्ट दिसतंय म्हणाले आणि चष्मा न घेताच गेले.

चौथ्या दिवशी चश्मेवाल्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. खुर्चीत बसलेला प्रत्येक माणूस दुसरंच बरं म्हणत होता. फाडणारी डबी दुसरी वाजवली तर ती बरी, दाबणारी दुसरी वाजवली तर ती बरी. सव्वीस वर्षं तो याच खुर्चीत बसवून लोकांना काचा देत आला होता. म्हणजे अर्धं गाव दुसऱ्या काचेतून बघत रस्ते ओलांडत होतं! त्याने दुपारीच दुकान बंद केलं.

"अहो, बरं नाही का?" बायकोने विचारलं.

"तुला माझ्याशी लग्न करताना किती स्थळं दाखवली होती?"

"दोन. तुम्ही दुसरे. का?"

तो बेस घेऊन आतल्या खोलीत गेला. त्या दिवसापासून त्याचा सूर जुळवणाऱ्या डबीवर जीव जडला. ती कुणाचं मत विचारत नव्हती. तार बरोबर असेल तर हिरवा, नाहीतर लाल. इतर डब्यांपैकी कुठल्या घ्यायच्या ते काही ठरेना, म्हणून रविवारी त्याने ती एकटीच स्टेजवर नेली आणि दुकानात परत द्यायच्या तीन गाडीतच ठेवल्या.

समारंभ सकाळी अकराला होता. सभागृह जुनं, लाकडी जमिनीचं. पहिल्या रांगेत सासूबाई, म्हणजे मेहुण्याची आई, लेकीला शेजारी घेऊन बसल्या होत्या. कानांनी त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नसे, कानाशी ओरडलं तर दहातला एक शब्द पोचायचा. तरी अकरा वर्षांत त्यांनी एक कार्यक्रम चुकवला नव्हता. येऊन चपला काढायच्या, तळवे जमिनीला टेकवायचे आणि डोळे मिटून बसायच्या. मेहुणा सगळ्यांना छातीवर हात ठेवून सांगायचा, "आईला जगाचं काही ऐकू येत नाही, पण माझं गाणं येतं."

चश्मेवाल्याने डबीवर पाय दिला. दिवे लागले. एकेक तार त्याने हिरव्यावर आणली आणि इतका छान हिरवा दिवा बंद कशाला करायचा म्हणून तसाच ठेवला. डॉक्टरच्या ड्रमशेजारी उभं राहून अकरा वर्षांत त्याला स्वतःचा बेस कधीच ऐकू आला नव्हता, तो बोटांच्या अंदाजावरच वाजवायचा. आज मात्र दर सुराला समोर हिरवा लुकलुकत होता. तो घामाघूम होऊन वाजवत राहिला.

पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसरं संपल्यावर मेहुणा मागे वळून हळूच म्हणाला, "भाऊजी, आज काय जमलंय! गाणं इतकं मोकळं कधी वाटलंच नव्हतं."

चश्मेवाल्याला आभाळ ठेंगणं झालं.

टाळ्या थांबल्या आणि पहिल्या रांगेतून सासूबाईंचा आवाज आला. बहिऱ्या माणसाचा आवाज, थेट मागच्या भिंतीपर्यंत गेला. "अरे, सुरू कधी करणार? अकराचं सांगून बसवलंय!"

लोक हसले. मेहुणाही हसला आणि माईकमध्ये म्हणाला, "आई, तीन गाणी झाली!"

"काय म्हणतो?"

"तीन गाणी झाली म्हणतोय!" चश्मेवाल्याची बायको त्यांच्या कानाशी ओरडली.

"कशाची गाणी? मघापासून नुसती तोंडं हलवताय सगळे. जावईबापू आले नाहीत का आज?"

लिफ्टवाला वाकला. त्याने हिरवा दिवा बघितला आणि कपाळाला हात लावला. "भाऊजी, ही चालू असेपर्यंत तुमचा आवाज बंद असतो. तार लावून झाली की परत दाबायची असते."

"मला कुणी सांगितलं नाही."

लिफ्टवाल्याने पायाने डबी दाबली. चश्मेवाल्याने भीत भीत सगळ्यात जाड तार छेडली.

सासूबाईंनी पायाची बोटं पसरली, पाठ टेकली, डोळे मिटले. "हां. झालं सुरू."

पुढच्या गाण्यात मेहुणा दोन वेळा शब्द विसरला.

कार्यक्रम संपल्यावर स्टेजमागच्या खोलीत तो एकावर एक रचलेल्या खुर्च्यांवर चढून बसला. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"अकरा वर्षं," तो म्हणाला. "म्हणजे तिने मला एकदाही..."

"तुझ्यासाठीच यायच्या त्या," चश्मेवाला म्हणाला.

"ते खरं. पण ऐकायच्या तुम्हाला."

"शिकवणीच्या बाईंच्या डाव्या हाताला काय कळवायचं?" डॉक्टरने विचारलं.

"गप्प बस." मेहुण्याने नाक पुसलं. "भाऊजींना कुणी हलवायचं नाही. ते हलले तर आईला घरीच बसवावं लागेल." मग दुसरीकडे बघत त्याने विचारलं, "भाऊजी, ती आजोबांच्या आवाजाची डबी परत दिलीत का?"

"गाडीत आहे. का?"

"ती गळ्याला लागते का?"

माईकची वायर त्या डबीत बसत नव्हती. लिफ्टवाल्याने लिफ्टच्या बटणांची एक जुनी पट्टी फोडून जोड बनवला. गुरुवारी दुपारी सगळे सासूबाईंच्या माडीवर जमले. तिथली जमीन लाकडी होती. चश्मेवाल्याचा मोठा स्पीकर चौघांनी जिन्यावरून वर चढवला, सासूबाईंना खुर्चीत बसवलं, चपला काढायला लावल्या. मेहुण्याने माईक धरला.

तो गायला. विहिरीत पडलेल्या म्हशीने तिथूनच राग आळवावा तसा आवाज निघाला. खिडकीच्या काचा गुणगुणल्या. टेबलावरचा चमचा चालत चालत कडेला आला आणि खाली पडला. डॉक्टर, ज्याने म्हशी पुष्कळ ऐकल्या होत्या, तोही दोन पावलं मागे सरला.

सासूबाईंचे तळवे जमिनीवर घट्ट होते. त्यांनी डोळे उघडले. "हे जावईबापू नव्हेत. कोण आहे हा?"

"तुझा मुलगा!" लेक ओरडली.

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. तो तोंड उघडं टाकून उभा होता.

"सर्दी झालीय त्याला," त्या म्हणाल्या. "गरम पाणी द्या." आणि थोड्या वेळाने, "पण सुरात आहे. मघाचं परत म्हण."

त्याने ते अकरा वेळा म्हटलं. चश्मेवाला एका हाताने डबी सरकू नये म्हणून धरून, जमिनीवर मांडी घालून बसला होता.

शेवटी डब्या दोनच घेतल्या, एक तार लावायला आणि एक मेहुण्याच्या गळ्याला. कार्यक्रमात दोन गाणी त्या आवाजात होत, तेवढा वेळ लोक बाहेर जाऊन येत आणि सासूबाई एकट्या टाळ्या वाजवत. त्या त्यानंतर तिसऱ्या वर्षी, मे महिन्याच्या नऊ तारखेला, मंगळवारी सकाळी गेल्या.