गरम तव्यावर ओतलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुना बिडाचा तवा आहे. जुना म्हणजे पन्नाशीच्या आसपासचा, आणि वर तडा गेलेला. तडा गेलेल्याचं कोणी ऐकून घेत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण माझ्या नावाने एका भल्या बाईवर आळ आला आहे. तो खोटा आहे हे मी अगदी जवळून पाहिलं आहे, म्हणून आज बोलतोय.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात ओतलं, निवलं, आणि मी झालो. कणकवलीच्या बाजारात एका बाईने मला बोटाने वाजवून पाहिलं, पसंत केलं आणि तिथेच ठेवून ती निघून गेली. कारण काय, तर त्या दिवशी शनिवार होता आणि शनिवारी लोखंड घरात आणायचं नसतं. बिचारी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच पायपीट करून आली आणि मला घेऊन गेली. तिच्या मुलीचं, कमलचं, लग्न ठरलं होतं. कमलच्या ट्रंकेत बसून मी मुंबईला आलो, डिलाईल रोडच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर.

कमलने मला सात दिवस तेल पाजलं, कांदा चोळला, तेव्हा कुठे माझी पाठ काळी कुळकुळीत झाली. माझ्यावर घावनं अशी सुटायची की शेजारणी मला मागून न्यायच्या. कमल द्यायची, पण बजावून द्यायची, की तवा तापलेला असताना गार पाणी ओतू नका, घरातल्या माणसावर संकट येतं. आता यात खरं काय ते मी सांगतो. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की बीड चिरतं, एवढंच. पण कमलच्या आईने तिला कारण सांगितलंच नाही, नुसता धाक दिला, आणि तिने तो पदरात बांधून मुंबईला आणला.

असे धाक तिच्याकडे डझनावारी होते. तिच्या स्वयंपाकघरात तांदूळ संपायचे नाहीत, ते ‘वाढायचे’. कोणी बाहेर पडताना ‘जातो’ म्हणायचा नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे गॅसपाशी उभं राहून ‘नाही’ हा शब्द काढायचा नाही. वास्तू तथास्तु म्हणते, मग खरंच काही उरत नाही, असं तिचं म्हणणं.

तिचे यजमान बाबुराव मात्र भारी खोडकर. आधी गिरणीत होते, गिरणी गेल्यावर फोर्टातल्या एका इमारतीत लिफ्टमन झाले. दिवसभर सात मजले वर-खाली करताना कंटाळा येऊ नये म्हणून ते लिफ्टमधल्या लोकांशी शब्दांचे खेळ खेळायचे. निवृत्त झाले, आणि ती खोड घरी आली. बायकोच्या त्या धाकाचाच त्यांनी खेळ करून टाकला. रविवारी सकाळी माझ्यावर पहिलं घावन पडलं की खेळ सुरू. शेवटचं घावन उतरेपर्यंत कोणी ‘नाही’ म्हणायचं नाही. मालवणी ‘नाय’सुद्धा धरला जाईल. मान हलवलेली चालणार नाही. सगळ्यांनी एकमेकांना प्रश्न विचारून अडकवायचं. पहिलं घावन नेहमी मला चिकटतं आणि त्याचा लगदा होतो, तो लगदा हरणाऱ्याने खायचा.

या खेळात रंग भरला तो सून आली तेव्हा. दर्शना परळच्या एका लॅबमध्ये रक्त घ्यायला बसते, दिवसभर लोकांना ‘घाबरू नका’ म्हणून म्हणून तिची जीभ चांगली सैल झालेली. बाबुराव विचारायचे, सूनबाई, काल तू माटुंग्याला गेली होतीस ना? ती म्हणायची, काल मी घरात बसून तुमच्या शर्टाची बटणं लावली, बाबा. मग ती त्यांच्या टकलाकडे बघून विचारायची, केसांना तेल लावून देऊ का? ते म्हणायचे, तेल घावनांना राहू दे. अभय, म्हणजे त्यांचा मुलगा, दुसऱ्याच प्रश्नाला बाद व्हायचा आणि मुकाट लगदा खायचा. त्यांची छोटी नात ओवी टाळ्या पिटायची. कमल तोंडाने ‘पुरे झाला चावटपणा’ म्हणायची, पण पदराआड हसायची. बाबुराव मात्र कधीच हरले नाहीत. मला सांगा, एवढं सुख किती तव्यांच्या वाट्याला येतं?

त्या चांगल्या दिवसांतला शेवटचा रविवार तीन वर्षांपूर्वीचा. अभय ड्युटीवर होता. आदल्या संध्याकाळी शेजारच्या राधाबाई गॅलरीत म्हणाल्या होत्या, की बाबुराव, तुम्ही सत्तरीचे वाटतच नाही हो. कमलने ते ऐकलं होतं.

चौथं घावन ताटात पडलं तेव्हा दर्शनाने नेहमीच्या सुरात विचारलं, “बाबा, अजून एक घालू?”

बाबुराव म्हणाले, “नाही.”

ओवी उडीच मारून उठली. आजोबा हरले, आजोबा हरले! दर्शनाने टाळी वाजवली. कमलसुद्धा हसली. ओवीने लगद्याची बशी त्यांच्यापुढे नाचवत नेली.

“बरं नाही वाटत गं,” बाबुराव म्हणाले.

“दोनदा!” ओवी ओरडली, आणि सगळ्या पुन्हा हसल्या.

मित्रांनो, तो हशा मी अजून विसरलेलो नाही. माणूस इतकी वर्षं ज्या खेळात जिंकला, त्यातच त्याला खरं बोलायची वेळ आली आणि कोणाला ते खरं वाटलं नाही. मीही त्यांच्यातलाच. मलाही वाटलं, म्हातारा मुद्दाम हरतोय.

दर्शनाने मान वळवून पाहिलं, तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि डावा हात लोंबकळत होता. तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, आई, हे हृदयाचं आहे, मी टॅक्सी आणते, आत्ता निघू. पण कमलने तिचा हात धरला. कालच राधाने तोंडभरून कौतुक केलंय, ही दृष्टच आहे, दृष्ट न काढता उंबरा ओलांडायचा नाही, वाटेत वाढेल. तिने मीठ, मोहरी आणि सात मिरच्या मुठीत घेतल्या, त्यांच्यावरून ओवाळल्या आणि माझ्यावर टाकल्या.

ठसका लागला नाही. लागणार कसा? गॅस बारीक होता आणि मिरच्या डब्याच्या तळाच्या, सर्दावलेल्या. पण ठसका नाही म्हणजे दृष्ट जबरी, असा तिचा हिशेब. तिने पुन्हा ओवाळल्या. पुन्हा काही नाही. दर्शना विनवत होती, बाबांच्या पाठीवरून हात फिरवत होती, अभयला फोन लावत होती, तो उचलत नव्हता. सासूचा शब्द मोडायची त्या घरात कोणाला सवय नव्हती, आणि तिलाही नव्हती. चाळीस मिनिटं गेली. तिसऱ्या खेपेला कमलने नव्या मिरच्या काढल्या आणि गॅस मोठा केला. मी इतका तापलो की माझ्या कडा थरथरत होत्या.

तेवढ्यात दर्शना उठली. तिने पाण्याचा तांब्या उचलला आणि माझ्यावर उपडा केला.

चर्र आवाज झाला आणि मी या कडेपासून त्या कडेपर्यंत चिरलो.

“बास झालं, आई,” ती म्हणाली, “आता मी नेतेय.”

खालच्या मजल्यावरच्या दोघांनी बाबुरावांना खुर्चीत बसवून उतरवलं. दुपारी अभय एकटाच घरी आला आणि म्हणाला, पोचायला उशीर झाला.

उशीर कोणी केला, हे त्या खोलीत तिघांना ठाऊक होतं, मला, कमलला आणि दर्शनाला. मला बोलता येत नव्हतं. कमलला बोलायचं नव्हतं. दर्शनाचं कोणी ऐकून घेत नव्हतं. तेराव्यापर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला ती एकच सांगत राहिली, की दृष्ट उतरत आली होती, मिरच्या पेटणारच होत्या, तेवढ्यात हिने गरम तव्यावर पाणी ओतलं. आणि पुरावा म्हणून मला उचलून दाखवायची. बायका माझ्या तड्यावरून बोट फिरवायच्या आणि दर्शनाकडे बघायच्या. राधाबाईंनी तर ही गोष्ट गिरगावातल्या नातलगांपर्यंत पोचवली. ज्यांच्या नजरेला कमलने आधी बोल लावला होता, त्याच आता न्याय करायला बसल्या होत्या!

कमल दुष्ट होती असं मी म्हणणार नाही. ती चाळीस मिनिटं आपल्यामुळे गेली, हे पोटात घेऊन जगणं तिला झेपत नव्हतं, म्हणून तिने ती सुनेच्या गळ्यात बांधली. पण ज्या बाईने त्या घरात एकच शहाणं काम केलं, तिला त्याच कामासाठी तीन वर्षं टोमणे खावे लागले. सणावाराला तिला गॅसपाशी येऊ देत नसत. तिने केलेला नैवेद्य चालत नसे. अभय म्हणायचा, आई म्हातारी आहे, सोडून दे. सोडून द्यायला त्याचं काय जात होतं?

मला गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली ठेवलं. पाणी घातलं की माझ्या तड्यातून थेंब थेंब गळतं. आत एक चकचकीत नॉनस्टिक तवा आला. रविवारची घावनं बंद झाली. पण खेळ बंद झाला नाही, मित्रांनो. एकजण तो खेळतच राहिली.

ओवीने त्या दिवसापासून ‘नाही’ म्हणणं सोडलं. तिच्या लेखी हिशेब सरळ होता. आजोबा कधी ‘नाही’ म्हणाले नव्हते. एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले, आणि वास्तूने तथास्तु म्हटलं. शाळेत समजलं का विचारलं तर ‘हो’. भूक आहे का, ‘हो’. मोठी माणसं कौतुक करायची, किती गुणी पोर आहे, कशाला नाही म्हणून म्हणत नाही! मी गॅलरीतून ऐकायचो आणि जळायचो.

या वर्षी होळीनंतर एका सकाळी ओवी पोट धरून गॅलरीत बसली. दर्शनाने कामाला निघताना विचारलं, बरं आहे ना? ‘हो’. दुपारी कमलने कपाळाला हात लावला तर चटका बसला. ती धावत माझ्याकडे आली, कुंडी बाजूला केली, मला पुसलं आणि आत नेलं. नव्या तव्यावर मिरच्या टाकल्या तर त्याचा लेप जातो ना! तीन वर्षांनी मी गॅसवर चढलो, तोही याच कामाला. वाटलं, आत्ताच्या आत्ता दोन तुकडे होऊन पडावं.

राधाबाईंनी फोन केला म्हणून की काय, दर्शना लवकर आली. तिने दारातूनच पाहिलं. कमलच्या मुठीत मिरच्या, मी गॅसवर, ओवी भिंतीला टेकून वाकलेली. दर्शना तिच्यापुढे बसली.

“ओवी, बरं वाटतंय का?”

ओवीने आधी आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हो.”

“आजोबांचा खेळ संपला, बाळा. ते त्या शब्दाने गेले नाहीत. ते खरं सांगत होते आणि आपण हसलो. तू सांग, मी हसणार नाही.”

पोरीने आईचा हात घट्ट धरला.

“नाही,” ती म्हणाली, “खूप दुखतंय, आई. कालपासून.”

दर्शनाने तिला उचललं आणि ती जिना उतरली. कमल तिथेच उभी होती. मग तिने मिरच्या माझ्यावर टाकल्या, कोणावरून न ओवाळताच. या वेळी गॅस मोठा होता. असा ठसका उठला की ती एकटी त्या धुरात खोकत राहिली आणि डोळे पुसत राहिली. ते पाणी मिरच्यांचं होतं की कसलं, ते मी सांगू शकत नाही.

ओवीचं अपेंडिक्स होतं. ऑपरेशन झालं, आठवड्याने ती घरी आली. राधाबाई बघायला आल्या तेव्हा कमल खाटेपाशी बसून म्हणाली, की ठसका लागला म्हणून पोर वाचली, मागच्या वेळी लागू दिला असता तर हेही आज असते. दर्शना चहा गाळत होती. तिने पुढचा कप ओढला आणि त्यात चहा गाळला. तीन वर्षांत तिला कळून चुकलं होतं की बोलून उपयोग नाही.

“नाही,” ओवी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“नाही, आजी. ठसक्याने नाही. मला आईने नेलं. आजोबांनाही आईच नेत होती.”

राधाबाईंनी चहा न घेताच निरोप घेतला. कमल उठली, गॅलरीत आली आणि तुळशीला पाणी घालू लागली. कुंडी भरली तरी घालतच राहिली. माझ्या तड्यातून पाणी गळून तिची पावलं भिजली, पण ती हलली नाही. माफी तिने मागितली नाही, आजपर्यंत नाही.

तर मित्रांनो, आमच्यासारख्या तव्यांनी शेवटी निगा कशी राखायची ते सांगायचं असतं, म्हणून सांगतो. बिडाचा तवा घासला की लगेच कोरडा करा. तेलाचा हात लावून ठेवा. तापलेला असताना त्यावर गार पाणी कधी ओतू नका, तवा चिरतो. पण तुमच्या घरात कोणी ‘बरं नाही वाटत’ म्हणालं आणि बाकीचे तव्यापाशी अडून राहिले असतील, तर तांब्या उचला आणि खुशाल ओता. तवा दुसरा मिळतो.