गाडी मित्राकडे राहिली असती तर

राजरत्नचा फोन आला तेव्हा माझ्या तान्ह्या श्रेयाचा नुकता डोळा लागत होता. रविवारची दुपार, मी माहेरी आले होते. माझा धाकटा भाऊ लालबागला मित्राच्या, विनीतच्या, हळदीला गेला होता.

"ताई, गाडी विनीतकडेच ठेवतो. अप्पांनी विचारलं तर सांग, दाजींनी नेलीय."

"घेतलीस?"

"दोनच गं. नाही म्हटलं की ही पोरं मला भन्ते बोलतात, भिक्खू झालास म्हणून."

मला हसू आलं. पण वडिलांशी, अप्पांशी, खोटं बोलणं मला जमणार नव्हतं. आमच्या घरी पंचशील रोज म्हणतात, आणि दारूचं नावही निघत नाही. करी रोडच्या चाळीत अप्पा संध्याकाळी गॅलरीत बसतात. बाइक खाली दिसली नाही तर पहिला प्रश्न तोच.

"मी नाही खोटं बोलणार. तूच सांग त्यांना."

"त्यांना? आठवडाभर बोलणार नाहीत. जाऊ दे. पाच मिनिटांचा तर रस्ता. हळू जातो."

श्रेया रडायला लागली. "हळू जा," म्हणून मी फोन ठेवला.

वाटेत तो पुलाच्या कठड्यावर आदळला. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा तो गेला होता.

त्याच्या जलदान विधीच्या दुसऱ्या दिवशी अप्पांनी कोरा कागद पुढे केला. हॉस्पिटलच्या कागदावर तोंडाला दारूचा वास होता असं लिहिलं होतं. ती नोंद काढून टाकण्यासाठी त्यांना अर्ज करायचा होता.

"लिही. तुझं अक्षर बरं आहे. माझा मुलगा राजरत्न मद्य घेत नसे. सदर नोंद चुकीची आहे."

मांडीवर श्रेया दूध पीत होती. 'माझा मुलगा राजरत्न' एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"अप्पा, त्याने मला फोन केला होता."

मग सगळं सांगितलं, माझा नकारसुद्धा. ते ओरडतील असं वाटलं. त्यांनी श्रेयाच्या उघड्या पावलांवर दुपटं ओढलं.

"मला का नाही सांगितलं त्याने?"

"घाबरला."

"मला?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "रागावलो असतो गं. दुसरं काय केलं असतं मी?"

त्यांनी माझ्यासमोरचा कागद ओढून घेतला, लिहिलेल्या तीन शब्दांवरून बोट फिरवलं आणि तो तसाच खिशात ठेवला.