काही नाही, जाऊ द्या

मित्रांनो, मी जरा मोठ्याने बोललो तर रागावू नका. जन्मभर तेच काम केले आहे, आता सवय सुटत नाही. मी एक जुने कानाचे यंत्र आहे. आकाराने घेवड्याच्या मोठ्या दाण्याएवढा. रंग मूळचा गोरा होता, आता चहात बुडवून काढल्यासारखा दिसतो. सध्या माझा मुक्काम टेबलाच्या खणात आहे. शेजारी एक बंद पडलेले घड्याळ आणि चार घड्या घातलेला एक कागद आहे. त्या कागदाचे पुढे सांगतो.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. तिथे डोक्याला टोपी बांधलेल्या बाया भिंगाखाली केसाहून बारीक तारा जोडत असत. एकीने मला चिमट्यात धरले, माझ्यापाशी चुटकी वाजवली आणि समोरच्या पडद्यावरची रेघ टुणकन वर उडाली. ती शेजारणीला म्हणाली, "हा चांगला निघाला गं." ती माझी पहिली शाबासकी. अकरा वर्षे झाली, अजून पुरवून पुरवून खातो आहे.

कानाच्या डॉक्टरांनी मला एका आजोबांच्या उजव्या कानामागे बसवले. आजोबा पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर होते. तीस वर्षे त्या प्रेसने पत्रा दाबला आणि पत्र्याबरोबर त्यांचे कानही दाबले. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी ते फ्रिजसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अरेच्चा, हा इतका बडबडतो होय!" मग चपला घालून घरभर फिरले, का तर चपलांचा आवाज ऐकायचा होता. मला ते रोज मऊ फडक्याने पुसत, आठवड्याला न चुकता बॅटरी बदलत. सुनेने एकदा मला ओट्यावरून ढकलले तर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. असा माझा थाट होता.

पण यंत्रही म्हातारे होते. माझ्या पडद्याला ओल लागली. पुरुषांचे जाड आवाज, गाड्यांचे भोंगे हे मी अजून आणून देई, पण बारीक आवाज माझ्या हातून निसटू लागले. नेमकी त्याच काळात घरात चिमणी बोलायला लागली. चिमणी म्हणजे आजोबांची नात, आता चार वर्षांची आहे. तिचा आवाज इतका पातळ की माझ्यापर्यंत येता येताच विरून जाई. आजोबा तिच्याकडे बघून मान हलवत आणि "हो का? अरे वा," असे म्हणून वेळ मारून नेत. एकदा तिने विचारले, "आजोबा, तुम्हाला घोडा जास्त आवडतो की मी?" आजोबा म्हणाले, "हो, हो, छान आहे." चिमणीचे तोंड उतरले आणि ती निघून गेली. तिच्या तोंडावरून आजोबांना कळले की आपले उत्तर चुकले, पण प्रश्न काय होता हे कळले नाही. त्या दिवशी त्यांनी ठरवले की नवे यंत्र घ्यायचे. मागे एकदा डॉक्टरांनी किंमत सांगितली होती, ती ऐकून त्यांनी मला पुन्हा पुसून कानावर चढवले होते. तरी साठवलेल्या पैशांत ते जेमतेम बसत होते.

घरची माणसे वाईट नव्हती बरे का. पण ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी बोलणे म्हणजे दमछाक. पहिल्यांदा ती साधे सांगत, दुसऱ्यांदा ओरडून सांगत आणि आजोबांनी तिसऱ्यांदा "काय?" विचारले की म्हणत, "काही नाही, जाऊ द्या." दिवसातून दहा वेळा मी हे वाक्य त्यांच्या कानात पोहोचवत असे. गंमत बघा, तेवढे वाक्य मात्र नेहमी स्वच्छ ऐकू येई.

एके सकाळी मोबाइलवर जाहिरात आली. माझ्याच जातीचे, पण नवे कोरे यंत्र, डॉक्टरांनी सांगितलेल्या किमतीच्या पाचव्या भागात. फक्त आज, दोनच शिल्लक. खाली घड्याळ उलटे धावत होते. आजोबांनी मोबाइल मुलापुढे धरला. मुलगा कामावर निघाला होता, वाकून बुटाची नाडी बांधत होता. तो खाली मान घालूनच म्हणाला, "बाबा, ही फसवणूक असणार. पत्ता नाही, फोन नंबर नाही, वर पैसे आधीच मागतायत. मी संध्याकाळी बघतो, तोवर काही करू नका."

मित्रांनो, हे शब्द माझ्या दारापर्यंत आले होते. पण ओठ जमिनीकडे, आवाज घोगरा आणि माझी ही दशा. आजोबांपर्यंत पोहोचला तो नुसता गलबला. त्यांनी विचारले, "काय म्हणालास?" मुलाने मनगटावरचे घड्याळ पाहिले. "काही नाही, जाऊ द्या." दार बंद झाले. मोबाइलवरच्या घड्याळात अकरा मिनिटे उरली होती. आजोबांनी पैसे भरले.

आठव्या दिवशी खोके आले. देणारा माणूस खोके दारात ठेवून जिना उतरूनही गेला. आत चकचकीत, माझ्याच घाटाची वस्तू होती. आजोबांनी नखाने तिची पाठ उघडली. आत काहीच नव्हते. तार नाही, पडदा नाही, बॅटरीला जागासुद्धा नाही. नुसते प्लास्टिकचे टरफल. खरे सांगतो, मला आधी आनंद झाला. वाटले, चला, आपली गादी शाबूत राहिली. त्या आनंदाची आज मला लाज वाटते.

इथेच ते थांबले असते तरी निभावले असते. पण दुपारी घरात एकटे असताना त्यांनी तक्रारीचा नंबर इंटरनेटवर शोधला आणि सगळ्यात वर दिसला तो फिरवला. पलीकडचा आवाज जाड, स्वच्छ, एकेक शब्द सुटा. मला अगदी मानवणारा. "सावकाश काका, घाई नाही. ऐकू आलं का? पुन्हा सांगू?" आजोबांनी तीनदा "काय?" विचारले आणि तीनही वेळा त्याने तितक्याच गोडीने सांगितले. कित्येक वर्षांत त्यांच्याशी असे कोणी बोलले नव्हते. त्याने एक ॲप घ्यायला लावले, ज्यातून आजोबांचा मोबाइल त्याला तिकडे बसून दिसू लागला. मग ओटीपी आला. आजोबा थबकले.

"यात तर लिहिलंय की कोणाला सांगू नका."

"बरोबर आहे काका, तुम्ही सावध आहात. पण ते बाहेरच्यांना. मी तुमचे पैसे परत द्यायलाच बसलोय ना?"

आजोबांनी आकडे वाचून दाखवले. पुन्हा आले, पुन्हा वाचले. त्या माणसाचा शब्द न् शब्द मीच त्यांच्या कानात घातला, एकही सांडू दिला नाही. यंत्राला खरे-खोटे कळत नाही, फक्त लहान-मोठे कळते. फोन संपला तेव्हा नव्या यंत्रासाठी साठवलेले सगळे पैसे गेले होते.

आजोबांनी ही गोष्ट नऊ दिवस कोणाला सांगितली नाही. घरचे रागावतील याची त्यांना चोरापेक्षा जास्त भीती वाटली. दहाव्या दिवशी ते एकटेच बँकेत गेले. काचेमागची बाई काहीतरी म्हणाली. ते "काय?" म्हणाले. ती पुन्हा म्हणाली, रांग पुढे सरकू बघत होती. शेवटी तिने कागदावर लिहून काचेखालून सरकवले: 'त्याच दिवशी कळवायला हवे होते. आता उशीर झाला.' तोच हा माझ्या शेजारचा कागद.

संध्याकाळी मुलाला कळले. तो ओरडला, "मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं!" हे मात्र मी चोख पोहोचवले. आजोबांनी शांतपणे विचारले, "कधी?"

मुलाने तोंड उघडले. मग त्याला बुटाची नाडी आठवली असावी. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "काही नाही, जाऊ द्या."

आजोबांनी हात मागे नेला, मला कानावरून काढले आणि खणात ठेवले. बॅटरी काढायचीही आठवण त्यांना राहिली नाही. त्यानंतर त्यांनी मला हात लावला नाही. आता ते कोणालाच "काय?" विचारत नाहीत आणि घरात सगळ्यांना सोपे झाले आहे.

मित्रांनो, तुम्हाला मोबाइल माझ्यापेक्षा जास्त कळतो, म्हणून तुम्हालाच सांगतो. घाई करणाऱ्या दुकानातून काही घेऊ नका. नंबर हवा तर बिलावरचा किंवा कंपनीच्या खऱ्या पानावरचा घ्या. आपला मोबाइल परक्याला दाखवू नका. ओटीपी म्हणजे घराची किल्ली, ती मागणारा कितीही गोड बोलला तरी घरचा नसतो. फसलात तर लाजू नका, त्याच घटकेला बँकेला आणि पोलिसांना कळवा. आणि हे सगळे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला समोर बसून सांगा. ऐकू आले नाही तर पुन्हा सांगा. आमच्या घरी याचा आता काही उपयोग नाही. तुमच्याकडे कदाचित होईल.

आज सकाळी चिमणीने खण उघडला. तिने मला मुठीत धरले, तसा मी उरल्यासुरल्या बॅटरीवर शिटी वाजवू लागलो. ती हसली. आजोबा माझ्यातूनच ऐकतात हे तिला ठाऊक आहे, म्हणून तिने मला अगदी ओठांपाशी नेले. "आजोबा, ऐकू येतंय? मी घोड्याचं चित्र काढलंय. वर तुम्ही बसलाय." इतक्या जवळून तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. एक अक्षरही निसटले नाही. मी तो जिवाच्या करारावर मोठा केला, पण माझ्यापुढे कान नव्हता. आजोबा पलीकडच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसले होते.

चिमणीने थोडा वेळ वाट पाहिली. मग मला घड्याळाशेजारी परत ठेवले. "काही नाही," ती म्हणाली, "जाऊ द्या." आणि तिने खण लावून घेतला.