पाखरांचा पत्ता

शुभदा मॅडमच्या नव्या ब्लाउजच्या बाहीला शेवटची टाचणी लावून झाली, तशी मेहनाजनं मोबाइल काढून त्यांच्यापुढं धरला.

"हे पाहा मॅडम, नॉर्वेचे पाखरं. ह्यायनं धाडले."

शुभदा मॅडम यवतमाळच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. पाण्यावर तरंगणारी बर्फाची लांबच लांब लादी आणि तिच्यावर काळ्या पाठीची, पांढऱ्या पोटाची पाखरं, माणसांसारखी उभी.

"पेंग्विन," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "तुझा जमीर नॉर्वेतच आहे ना गं?"

"हो. मासोळ्यायच्या जहाजावर. बर्फाच्या मशिनी पाह्यतेत."

"नॉर्वे उत्तरेला आलं, मेहनाज. पेंग्विन तिकडं राहत नाहीत. ते सगळे दक्षिणेत. अंटार्क्टिका, आफ्रिकेचं खालचं टोक, दक्षिण अमेरिकेचा किनारा, न्यूझीलंड. थोडेसे विषुववृत्ताजवळच्या बेटांवर. उत्तरेत दिसले तर पिंजऱ्यातच."

"मंग पिंजऱ्यातलेच असतीन."

मॅडमनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. पिंजरा कुठंच नव्हता. मागं काळं पाणी आणि कोपऱ्यात जहाजाचा गंजलेला कठडा.

"पुढच्या वेळी फोन आला की एवढंच विचार, तिथं अंधार कधी पडतो. डिसेंबरात नॉर्वेत दुपारीच दिवस मावळतो. आणि तिकडं दक्षिणेत, बर्फाच्या मुलखात, आता रात्रीसुद्धा उजेड असतो."

जमीरला नेणाऱ्या नागपूरच्या एजंटाचा नंबर मेहनाज बोरी अरबला घरी परतायला ऑटोत बसल्यापासून लावत राहिली. बंद. दुसऱ्या दिवशी बंद, तिसऱ्याही. सासूला, हजराबीला, तिनं काही सांगितलं नाही. भाजीत दोनदा मीठ पडलं तेव्हा हजराबीनं ताट नुसतं बाजूला सारलं.

बोरी अरबच्या बाजारात माणूस हरवला तर कोणी ना कोणी त्याला पाहिलेलं असतं. एवढ्या मोठ्या पाण्यावर कोण पाहणार? तीन महिन्यांत त्यानं एकदाही व्हिडिओवर तोंड दाखवलं नव्हतं. फोटो तीनदा आले, तिन्ही वेळा पाखरांचेच. तेव्हा तिला त्याचं कौतुक वाटलं होतं. आता ती तेच फोटो पुन्हा पुन्हा मोठे करून पिंजरा शोधत राही.

रविवारी दुपारी फोन आला. घरात ती दोघं हिंदीतच बोलत.

"मैं अच्छा हूँ," जमीर म्हणाला. "काम अच्छा है. खाना अच्छा है. अम्मी कैसी हैं?"

दर रविवारी हेच, याच क्रमानं. त्याच्याजवळ कोणीतरी खाकरलं.

"वहाँ अंधेरा कब होता है?" मेहनाजनं विचारलं.

पलीकडं नुसती यंत्राची घरघर.

"नाही पडत," जमीर म्हणाला. "अंधार पडतच नाही इथं."

गिऱ्हाइकाशी बोलावं तसा तो वऱ्हाडीत बोलत होता, आवाजात हसू आणून.

"हासत बोल. ह्याले हिंदी समजते, हे नाही समजत."

मेहनाज हसली. कशी, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"पाखरायवरून वळखलं का?"

"मॅडमनं वळखलं."

"तीन खेपा धाडले. बाकी फोटू पुसून टाकतेत, पाखरं जाऊ देतेत. मले वाटलं, कोणी वळखतच नाही." तो मोठ्यानं हसला. "कागदं काढून घेतले सगळ्यायचे. आमी बारा जन होतो. आता दहा आहो."

"तुम्ही कुठं आहा?"

"जागा सांगत नाहीत. जहाजाचं नाव घेतलं तर ह्याले समजन. नागपूरवाल्याले धरा, त्याले माहीत आहे सगळं." आणि लगेच, "हाँ हाँ, अम्मी को सलाम बोलना."

फोन बंद झाला.

हजराबी दारात उभी होती. सुनेचं तोंड पाहून तीही हसत होती.

"क्या बोला? खुश है ना?"

मेहनाजच्या चेहऱ्यावरचं हसू जाता जात नव्हतं. तिनं ते ओढणीनं पुसलं, घाम पुसावा तसं.

"अम्मी, बुरखा पहनो. पुलिस थाने जाना है. मॅडमला बी बोलावते मी." शेवटचं वाक्य मराठीत आलं, तेही तिच्या ध्यानात आलं नाही.

हजराबीचं हसू हळूहळू उतरलं. "जिंदा है?"

"है."

म्हातारीनं बुरखा घातला, पण बटणं भलत्याच काजात गेली. मेहनाज तिच्यापुढं गुडघ्यांवर बसली आणि खालून एकेक बटण काढून परत लावू लागली. वरच्या बटणाशी पोचली तेव्हा हजराबी तिच्या डोक्यावरून पलीकडं, भिंतीकडं पाहत होती.

"पहला फोटू आया, तब मेरे से बोला था," ती म्हणाली. "बोला, अम्मी, किसी पढ़े-लिखे को दिखाओ."

मेहनाजचे हात थांबले.

"मैंने गल्ली में दिखाया," हजराबी म्हणाली. "सबको बोली, देखो, मेरा बेटा कितनी दूर गया."