माझ्या दारातले बिनबोलावलेले निरोप

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे. कोल्हापूरच्या एका दूध संघात मला सर्व्हर म्हणतात. जुनी म्हणाले, निकामी म्हणाले नाही, नीट वाचा.

१९९८ साली मी टेम्पोतून, कडब्याच्या पेंढ्यांवर बसून इथे आले. नारळ इतका जवळ फोडला की पाणी माझ्या अंगावर उडालं. तरी सुरू झालेच की! कोडोली, पन्हाळा, गगनबावड्याहून तारेवरून दुधाचे आकडे येत. बाळाबाईच्या म्हशीचं दूध बाळाबाईच्याच नावावर पडलं. शेजारणीच्या नावावर कधी सांडलं नाही. तेव्हा सगळे म्हणायचे, "लक्ष्मी हाय आमची."

मग २००४ची खंडेनवमी आली. आम्हा सगळ्यांच्या वायरी काढल्या, पुसलं, झेंडूचे हार घातले. दुधाचे दर झळकवायला दारात लावलेल्या नव्या दिव्यांच्या फलकालाही कुंकू लागलं. त्याची जुळणी अजून व्हायची होती. पण दसऱ्याला नवी वस्तू सुरू केलीच पाहिजे, म्हणून दुसऱ्या दिवशी वायरी परत लावताना शिपाई कृष्णातने त्याची वायर आमच्या वायरींत जोडून टाकली.

झालं! फलक मला सारखे निरोप धाडू लागला, "आहेस का? आहेस का?" दारी आलेल्या प्रत्येकाला मी पाट मांडते. हे निरोप बसत, पण पुढे बोलत नसत आणि उठतही नसत. पंगत भरली. कोडोलीचे आकडे उंबऱ्यावर ताटकळले. मी ठप्प झाले.

व्यवस्थापक अण्णासो गरजले, "म्हातारी झाली ही! भंगारवाल्याला बोलवा." काल लक्ष्मी, आज भंगार!

टेम्पो फाटकात आलासुद्धा. संगणक विभागाच्या संघप्रिया मॅडम माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"साहेब, बंद करून चालू केली की ही थोडा वेळ झकास चालते. मोडलेली मशीन अशी चालत नाही. कोणतरी छळतंय हिला."

"मशीनला कोण छळतंय ओ? सासू हाय व्हय तिला?"

"तेच बघते की."

त्यांनी एकेक वायर काढली आणि दर वेळी पडद्यावर मला येणारे निरोप पाहिले. फलकाची वायर निघाली आणि गलका थांबला. मला बंद करून पुन्हा चालू केलं, तसे कोडोलीचे आकडे धडाधड आत आले.

"सासू सापडली, साहेब."

"म्या मुहूर्त साधलता," कृष्णात पुटपुटला.

अण्णासोंनी भंगारवाल्याकडे पाहिलं. "पावणं, च्या घ्या आन् जावा. उचलायचं काय न्हाय."

मित्रांनो, माझी काळजी घ्या म्हणून मी गयावया करणार नाही. धूळ पुसणं, वारा देणं हे तुमचं कामच आहे. पण कुणी थकून बसली, तर तिचं वय काढण्याआधी तिच्या दारात कोण ठाण मांडून बसलंय ते बघा. आणि मला भंगार म्हणायचंच असेल, तर मी चालू असताना तोंडावर म्हणा.