यांच्याऐवजी हे

अप्पा तीन आठवडे कोमात होते आणि त्यामुळे घरात कुणालाच चैन नव्हती.

कोमा मालिकेतला. संध्याकाळी आठला लागणाऱ्या ‘वेळ्ळिविळक्कु’मध्ये ते सोळा वर्षांपासून तीन मुलींचे वडील आहेत. सध्या काम एवढंच, की सकाळी वलसरवाक्कमच्या शूटिंगच्या बंगल्यावर जायचं, डोक्याला बँडेज आणि कपाळाला भस्म लावून पलंगावर डोळे मिटून पडायचं, आणि मुली आळीपाळीने छातीवर कोसळून रडल्या की घरी यायचं. दिवसभर निपचित पडलेल्या माणसाचं हलायचं राहून गेलेलं सगळं मग घरी हलायचं. जेवताना पाय हलायचा. पंखा चारवर, दोनवर, पुन्हा चारवर. गच्चीत जाऊन यायचे, आणि कशाला गेलो होतो हे आठवायला परत गच्चीत जायचे.

त्यात बुधवारी सहायक दिग्दर्शक मणिमारनचा फोन आला. “सार, तुमचा एक छान हसरा फोटो पाठवून द्या. जरा लवकर.”

अप्पांनी फोन ठेवला आणि पंखा पाचवर केला.

आमच्या तमिळ मालिकांमध्ये बापाचा फोटो दोनच कामांसाठी मागतात. एक, भिंतीवर लावून चंदनाचा हार घालायला. खाली लाल दिवा लुकलुकतो आणि मुली संकटात त्या फोटोशी बोलतात. दुसरं काम म्हणजे कार्ड. नट बदलला की मालिका क्षणभर थांबते, पडद्यावर जुन्याचा फोटो येतो, शेजारी नव्याचा, आणि एक गंभीर आवाज सांगतो, ‘इथून पुढे यांच्याऐवजी हे.’ लगेच नवा माणूस जुन्याने अर्धी सोडलेली कॉफी पिऊन संपवतो. बायको, मुली, कुत्रं, कुणालाच काही वाटत नाही.

“हार परवडला,” अप्पा म्हणाले. “हारात मान असतो. निदान आठवडाभर रडतात.”

“हसरा मागितलाय ना?” अम्मा भेंडी चिरत होती. “मग हारच. कार्डासाठी कोण हसतंय?”

“तुला काय ठाऊक? गेल्या वर्षी माझा व्याही बदलला. तो हसत होता कार्डात.”

“तो तसाही बावळटच होता.”

“जुना की नवा?”

“दोघंही.”

हसरा फोटो घरात सापडेना. भिंतीवर फोटो पुष्कळ होते. माझे कान टोचले तेव्हाचा, शाळेच्या पहिल्या दिवशीचा, प्लास्टरमधल्या हातासकटचा, पदवीदानाचा. पण प्रत्येकात माझ्या शेजारी गुणा मामा. हा अम्माचा धाकटा भाऊ. अप्पांना शूटिंग असलं की मामा यायचा, आणि अप्पांना शूटिंग असायचंच. अप्पा एकेका फोटोसमोर थांबत, चष्मा वर करत पुढे सरकले. शेवटच्या फोटोपाशी म्हणाले, “गुणा सगळीकडे छान हसतो.”

“कार्ड तेवढं दाखवायचं राहिलं आपल्याकडे,” अम्मा भेंडीला म्हणाली.

रविवारी मुलगी बघायला तांबरमला जायचं होतं. मुलीला मी तसा दोन वर्षं रोज बघत होतो. यालिनी माझ्याच ऑफिसात आहे. पण वडीलधाऱ्यांच्या देखत सोज्जी-बज्जी, म्हणजे शिरा-भजी, खाल्ल्याशिवाय ते बघणं धरत नाहीत. त्यांच्याकडे पहिली बोलणी करायला अर्थातच मामा जाऊन आला होता. माझं मागणं एवढंच होतं, की ज्याचं नाक मला आलंय तो माणूस एक दिवस माझ्या शेजारच्या खुर्चीत बसावा.

“रविवारी शूटिंग आहे,” अप्पा म्हणाले.

“कोमातल्या माणसाला कसलं शूटिंग, अप्पा?”

“कोमातल्यालाच असतं. शुद्धीवरच्याला सुट्टी मागता येते. एक दिवस पलंग रिकामा दिसला ना, की कार्ड!”

“मग नका येऊ.”

“नाहीच येत.”

“नकाच.”

अप्पा गच्चीत गेले.

रविवारी साडेचारला राहुकाळ लागणार होता, त्याच्या आत सगळं उरकायचं होतं. तांबरमच्या त्या दिवाणखान्यात मी निळ्या चौकड्यांच्या शर्टात, माझ्या शेजारी मामा, कडक इस्त्रीच्या वेष्टीत. समोर यालिनीची पाट्टी, म्हणजे आजी. यालिनी ताटल्या ठेवून गेली, जाताना माझ्याकडे बघून तिने भुवई उडवली.

“मुलाचे वडील किती मनमोकळे आहेत,” पाट्टी मामाकडे बघून अम्माला म्हणाली.

मामाने खुलासा केला नाही. लबाडीने नव्हे, सवयीने. अम्माने तोंड उघडलं तेवढ्यात आणखी बज्जी आली. माझा पाय हलायला लागला. अम्माने गुडघ्यावर हात दाबला. “घरात एक पुरे आहे,” ती पुटपुटली. घड्याळात चार वाजून गेले होते.

फाटकाशी रिक्षा थांबली आणि डोक्याला बँडेज, कपाळाला भस्म, मनगटावर सलाइनची चिकटपट्टी अशा अवतारात अप्पा आत आले.

“अय्यो, मुरुगा!” पाट्टी ताडकन उठली. “शुद्धीवर आले!”

तिने त्यांचे दोन्ही हात धरले. “तुम्हाला जिन्यावरून थोरल्या जावयानेच ढकललं हो. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.”

“मला संशय होताच,” अप्पा म्हणाले.

“अप्पा, शूटिंग?” मी विचारलं.

“पलंगावर उशी ठेवून आलोय. वरून पांघरूण. मधली मुलगी तिच्यावर पडून रडत होती, तेव्हा सटकलो. फार छान रडत होती.”

“पण तुम्ही आमच्याकडे कसे?” पाट्टीने विचारलं.

“हा माझा मुलगा.”

पाट्टीने माझ्याकडे पाहिलं, मग मामाकडे. “याचे वडील तर हे आहेत. आणि तुम्हाला तर तीन मुलीच.”

यालिनीचे वडील उगाच छताकडे बघायला लागले. अप्पा खुर्चीकडे बघत होते, आणि उभ्या उभ्या त्यांचा पाय हलत होता. मला वाटलं, आता हे परत जाणार. रिक्षा अजून दारातच होती.

मामाने तोंडातला घास गिळला, अर्धी बज्जी ताटलीत ठेवली आणि उठून उभा राहिला. एक हात स्वतःच्या छातीवर, दुसरा अप्पांकडे. मालिकेतल्या त्या गंभीर आवाजात तो म्हणाला, “इथून पुढे यांच्याऐवजी हे.”

“बस की, गुणा,” अप्पा म्हणाले.

“तुम्ही बसा, मच्चान. मला पाठीला रग लागलीय. सव्वीस वर्षं बसलोय.”

अप्पा बसले. मामाची अर्धी बज्जी उचलून त्यांनी खाऊन संपवली.

“चार दिवस जड जातं,” पाट्टी दाराशी आलेल्या यालिनीला समजावत म्हणाली. “मग सवय होते.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. मणिमारन. “सारांना सांगा, उशी सापडली. दिग्दर्शक कार्ड करायला बसलेत. निदान फोटो तरी पाठवा म्हणावं.”

मी अप्पांच्या कानात सांगितलं. त्यांचा पाय थांबला. मग जास्त जोरात सुरू झाला. खुर्ची करकरायला लागली. “सोळा वर्षं,” ते म्हणाले.

यालिनीचे वडील मोबाइल घेऊन सगळ्यांना दाटीवाटीने उभं करत होते. राहुकाळ लागायच्या आत फोटो हवा, म्हणून सगळे एकमेकांना ढकलत होते. “हसा, हसा!” अप्पा बँडेजसकट हसले. मला तोवर माहीत नव्हतं, हसताना त्यांचे समोरचे दोन दात माझ्यासारखेच एकमेकांवर चढतात.

“हाच पाठव त्याला,” ते म्हणाले.

कार्ड गुरुवारी लागलं. आम्ही चौघं बसून पाहिलं. मामाही आला होता. डावीकडे अप्पा, घोळक्यातून घाईघाईत कापून काढलेले, ओठावर बज्जीचं तेल. कडेला निळ्या चौकड्यांचा एक खांदा राहून गेला होता. मग नव्या अप्पांनी डोळे उघडले आणि कॉफी मागितली.

अप्पा गच्चीत गेले. आले. परत गेले. परत आले तेव्हा पाट्टीचा फोन वाजत होता. त्यांनी स्पीकर लावला.

“नव्याला काही जमत नाही हो,” पाट्टी म्हणाली. “आणि त्या कार्डात कडेला खांदा कुणाचा होता?”

“माझ्या मुलाचा.”

“मुलाचा? मालिकेत कधी दाखवला नाही तो.”

“आज दाखवला,” अप्पा म्हणाले, आणि पंखा चारवर केला. मग दोनवर.