नरंजनदासांची पगडी

पंजाबात गवयाला गळा नसला तर लोक चालवून घेतात, उस्ताद नसला तर नाही. 'बेउस्ताद' ही शिवी तिथे आईवरच्या शिवीपेक्षा खोल लागते. मेहंगारामने हे तरुणपणीच ओळखलं आणि सोय करून ठेवली. जत्रेत एकतारी तुंबी घेऊन उभा राहिला की तो आधी कानाच्या पाळीला हात लावायचा आणि म्हणायचा, "माझे उस्ताद, कोट नूरां गावचे नरंजनदास!" लोक माना डोलवायचे.

खरी शागिर्दी आठवडाभराची. उस्तादांनी एक ओळसुद्धा दिली नव्हती. चारा कापायला लावला, म्हशीला पाणी दाखवायला लावलं. वर म्हणाले, "आधी हिला तुझी ओळख पटू दे, मग सुरांना पटेल." म्हशीच्या ओळखीत मेहंगाला रस नव्हता. उस्तादांपुढे पगडी आणि गूळ ठेवून शागिर्दीची गाठ बांधायच्या आतच तो पसार झाला.

पुढे कॅसेटी निघाल्या. आधी ट्रॅक्टर, दारू आणि मेहुणीची गाणी खपली. केस पिकल्यावर त्याने हिरवी शाल पांघरली आणि तोच गळा पीर-फकिरांकडे वळवला. कॅनडावाल्यांना हे अधिकच भावलं. तिथेही कानाला हात होताच. कुणीतरी म्हाताऱ्या नरंजनदासांना विचारलं, "उस्तादजी, हा खरंच तुमचा?" ते हसले. "माझं नाव जग फिरवून आणतोय बिचारा. मला या गुडघ्यांनी कुठे जमणार?"

फाल्गुनात नरंजनदास वारले. मेहंगा भोगाला, म्हणजे मृत्यूनंतरच्या पाठाच्या समाप्तीला गेला, पांढऱ्या कपड्यांत, मोठ्या मोटारीतून. चार शब्द बोलायचे, फोटो निघायचे, जेवून परतायचं, असा बेत. पण अरदासची प्रार्थना संपली आणि सरपंच गुलाबी पगडी घेऊन उभा राहिला.

"उस्तादांना मुलगा नाही. तेव्हा वारसाची पगडी शागिर्दाच्या डोक्यावर. आणि गावच्या पिराच्या दर्ग्यावरची गुरुवारची गाण्याची हजेरीही आता त्याचीच."

"दर गुरुवारी?" मेहंगाने हळूच विचारलं.

"उस्तादांनी एक चुकवला नाही."

"लग्नसराईत?"

"पिराला लग्नसराई नसते, पाजी."

उस्तादांची मुलगी गेजो पाण्याचा पेला घेऊन जवळ आली. विधवा, पन्नाशीची, बापासारखंच रुंद कपाळ. खाली वाकून, भावाला हाक मारावी तशी म्हणाली, "वीरा, तू आमच्याकडे किती टिकलास ते मला ठाऊक आहे. चारा मीच दाखवला होता तुला. माईक समोर आहे. 'ते माझे उस्ताद नव्हते' एवढं बोल आणि मोटारीत बस. कुणी अडवणार नाही."

मेहंगाने हिशेब मांडला. एका पारड्यात उरलेल्या आयुष्यातले सगळे गुरुवार. दुसऱ्यात त्याचं नाव. मांडवभर लोकांनी फोन उंच धरले होते. संध्याकाळपर्यंत टोरांटोत 'बेउस्ताद' पोचलं असतं. तो माईकजवळ गेला. तोंड उघडायच्या आत त्याचा हात सवयीने कानाकडे गेला.

"माझे उस्ताद…" तो म्हणाला आणि मान खाली घातली. सरपंचाने पगडी बांधली. घट्ट बांधली.

पहिल्या गुरुवारी दर्ग्यावर काही बायका, एक शेळी आणि भिंतीला टेकून डुलक्या घेणारा म्हातारा. मेहंगाने कॅनडात टाळ्या घेणारी वरची पट्टी लावली. म्हातारा दचकून जागा झाला.

"लग्न कुणाचं आहे?"

बायका ओढणीत हसल्या. मेहंगाने तसंच रेटून नेलं. तो थांबल्यावर मागे बसलेल्या गेजोने तीच ओळ उचलली, खालच्या सुरात, गोवऱ्या थापताना गुणगुणावी तशी. म्हाताऱ्याने डोळे मिटले. झोपला मात्र नाही. बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. मेहंगा त्या बोटांकडे पाहत राहिला. त्याच्या गाण्यावर लोक नाचले होते, नोटा उधळल्या होत्या. असं कुणी बसलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी तो सकाळीच गेजोच्या अंगणात उभा. हातात नवी पगडी आणि गुळाची ढेप.

"बहनजी, उस्तादांची राहिलेली गाठ तू बांध. शिकव मला."

"पगडी मी डोक्याला कुठे बांधू? शेजारणी हसतील."

"मग पगडीऐवजी ओढणी आणू?"

"गूळ ठेव आत." गेजोने त्याला पगडीपासून चकचकीत बुटांपर्यंत न्याहाळलं. गोठ्यात म्हैस हंबरली.

"बूट काढ," ती म्हणाली. "आणि आधी तिला पाणी दाखव."